रामश्टाइनची बर्लिनमधील मैफल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘रामश्टाइन’ या जर्मन इंडस्ट्रियल मेटल बँडच्या ‘लाइव आउस बर्लिन’ या अल्बमविषयी आमच्याकडे पाच पत्रे आली आहेत. हा अल्बम २२ आणि २३ ऑगस्ट १९९८ रोजी बर्लिनमधील वूलहाइडे येथील खुल्या रंगमंचावर झालेल्या दोन मैफलींतून तयार झाला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे सलग देत आहोत.

प्रश्न : मी पुण्यात जर्मन शिकते. वर्गातील एका मित्राने हा अल्बम ऐकायला दिला. मी आधी स्टुडिओतील गाणी ऐकली होती. मैफलीतील गाणी मला जवळजवळ तशीच वाटली. लय तीच, लांबी तीच, शब्द तेच. मग लाइव्ह अल्बम वेगळा ऐकायचा तो कशासाठी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. आपल्याकडे मैफल म्हटले की विस्तार गृहीत धरलेला असतो. गायक रागाची बढत करतो, श्रोत्यांची दाद मिळाली की एखाद्या जागेवर पुन्हा येतो, आणि तीच बंदिश आज वीस मिनिटे तर उद्या पाऊण तास चालते. असा कान घेऊन ‘लाइव आउस बर्लिन’ ऐकायला बसले तर निराशा होणे स्वाभाविक आहे, कारण येथे कोणीही काही वाढवत नाही.

याचे कारण या संगीताच्या घडणीत आहे. कारखान्यातील ठोके, सँपलरमधून (आधी साठवलेले ध्वनी वाजवणाऱ्या यंत्रातून) येणारे तुकडे आणि मेटलची जड गिटार यांचा मेळ म्हणजे इंडस्ट्रियल मेटल. गिटारवादक उजव्या हाताच्या तळव्याने तारा दाबून धरतो, त्यामुळे सूर लांबत नाही, तुटक आघातांची रांग तयार होते. ड्रम्स त्या आघातांवर नेमके बसतात आणि सँपलरमधील तुकडा या सगळ्यांना एका मापात बांधून ठेवतो. माप सैल झाले की संगीताचा परिणामच नाहीसा होतो. म्हणून लय धरून ठेवणे, किंचितही न हलणे, हीच या सहा वादकांची कसोटी आहे, आणि ती त्यांनी उघड्यावर, सतरा हजार प्रेक्षक मावतील अशा रंगमंचावर, दोन रात्री पेलली.

मग ऐकायचे काय? जे स्टुडिओत नव्हते आणि मापात बांधताही येत नाही, ते. ‘डू हास्ट’ हे गाणे घ्या. त्यात विवाहाच्या वेळी वधूवरांना विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याला ‘नाइन’, म्हणजे ‘नाही’, असे उत्तर आहे. स्टुडिओत ते उत्तर गायक टिल लिंडेमान स्वतःच देतो. बर्लिनमध्ये ते मैदानातून येते. हजारो माणसांचा आवाज रंगमंचापर्यंत पोहोचायला क्षणभर लागतो, त्यामुळे तो ठोक्याच्या किंचित मागे, पसरट कडा घेऊन येतो. पुढच्याच क्षणी गिटार काटेकोरपणे समेवर आदळते. अचूक यंत्र आणि अचूक नसलेली माणसे यांच्यामधील हे अंतर मला या अल्बमचा गाभा वाटते. हेडफोन लावून ते नीट ऐकू येते. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र सगळे एकत्र कालवले जाते.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. स्टुडिओत एकाच गिटारचे अनेक थर एकावर एक चढवता येतात. मैफलीत रिशार्ड क्रूस्पे आणि पाउल लांडर्स हे दोघेच गिटारवादक असतात. त्यामुळे आवाजाची भिंत थोडी पातळ होते आणि तिच्या फटींतून ऑलिव्हर रीडेलची बेस गिटार आणि क्रिस्टोफ श्नायडरचे ड्रम्स स्पष्ट ऐकू येऊ लागतात. गाणे बिघडले असे वाटत नाही, उलट ते कसे बांधले आहे ते कळते. ज्यांना या संगीताचा अभ्यास करायचा आहे त्यांनी आधी हा अल्बम ऐकावा आणि नंतर स्टुडिओतील गाण्यांकडे वळावे, असे मी सुचवीन.

शिवाय ‘विल्डर वाइन’ हे गाणे बँडच्या तोवरच्या दोन्ही स्टुडिओ-अल्बमांत नाही, ते येथे आहे. बाकीची चौदा गाणी १९९५ चा ‘हेर्त्सेलाइड’ आणि १९९७ चा ‘झेनझुख्त’ यांतील आहेत. ‘विल्डर वाइन’ संथ आहे, आणि इतक्या आघातांच्या मधोमध ते आल्यामुळे लिंडेमानचा खर्जातील आवाज पहिल्यांदा मोकळा ऐकायला मिळतो. जर्मन शिकणाऱ्यांसाठी हा अल्बम उपयोगाचाही आहे. लिंडेमान प्रत्येक व्यंजन इतके सुटे उच्चारतो की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शब्द पकडता येतात.

प्रश्न : अशा बँडच्या मैफलीत बरेचसे संगीत आधी मुद्रित केलेले असते आणि वादक केवळ अभिनय करतात, असे ऐकले आहे. मग त्याला ‘लाइव्ह’ म्हणावे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. गिटार, बेस, ड्रम्स आणि गायन प्रत्यक्ष होत असते. ज्याला आपण ‘आधी मुद्रित केलेले’ म्हणता तो भाग सँपलरमधील आहे आणि तो की-बोर्डवादक क्रिस्टियान लोरेन्ट्स, ज्याला सगळे ‘फ्लाके’ म्हणतात, त्याच्या हाताखाली असतो. सँपलरमध्ये साठवलेला ध्वनी मुद्रित असतो हे खरे, परंतु तो केव्हा, किती जोराने आणि कशावर सोडायचा हे वादकच ठरवतो. जेथे तुकडा सलग चालू राहतो तेथे ड्रमरला कानात ठोक्यांची खूण ऐकत वाजवावे लागते, आणि ते सोपे नाही; स्वतःच्या अंगातील लय बाजूला ठेवून यंत्राच्या लयीला तासभर चिकटून राहायचे आणि तरीही ऐकणाऱ्याला हातातील ताकद जाणवली पाहिजे. तबल्याची साथ करणाऱ्या ज्या वाचकांनी लेहऱ्यावर रियाज केला आहे त्यांना यातील कष्ट वेगळे सांगायला नकोत.

बहुतेक लाइव्ह अल्बमांप्रमाणे या अल्बमचेही मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचा मेळ घालण्याचे काम, नंतर झाले आहे, आणि दोन रात्रींचे ध्वनिमुद्रण हाताशी असल्यामुळे निवडीला वाव होता. प्रेक्षकांचा आवाज कोठे वर आणायचा, कोठे मागे ठेवायचा, हाही संपादकीय निर्णयच असतो. त्यामुळे मैफलीचा जसाच्या तसा पुरावा म्हणून हा अल्बम ऐकू नये. त्या दोन रात्रींची काळजीपूर्वक बांधलेली आवृत्ती म्हणून ऐकावा.

हाच प्रश्न दुसऱ्या बँडने अगदी वेगळ्या रीतीने सोडवला होता. शिकागोच्या ‘मिनिस्ट्री’ने २२ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियाना राज्यातील मेरिलव्हिल येथे केलेली मैफल त्याच वर्षी लाइव्ह अल्बम म्हणून आली. यंत्रावर बेतलेले संगीत प्रत्यक्ष वाजवायचे म्हणून त्यांनी मार्टिन ॲटकिन्स आणि विल्यम रीफ्लिन असे दोन ड्रमर समोर बसवले, आणि रंगमंच व प्रेक्षक यांच्यामध्ये तारेच्या जाळीचे उंच कुंपण उभे केले. अल्बममध्ये सहाच गाणी आहेत. स्टुडिओत आठ मिनिटांचे असलेले ‘सो व्हॉट’ येथे अकरा मिनिटांच्या पुढे जाते आणि शेवटाकडे मोडकळीला आल्यासारखे होते. मिनिस्ट्रीने यंत्र माणसांच्या हाती देऊन त्याला बेभान केले. रामश्टाइनने माणसांना यंत्राइतके स्थिर केले. व्यक्तिशः मला मिनिस्ट्रीचा अल्बम अधिक धोकादायक, म्हणून अधिक जिवंत वाटतो. रचनेची शिस्त ऐकायची असेल तर मात्र बर्लिनच्या मैफलीला पर्याय नाही.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा हा अल्बम सतत ऐकतो. त्या गायकाचे दरडावून गाणे आणि समोरच्या गर्दीचा एका सुरातील घोष ऐकला की मला जुन्या चित्रफितींतील नाझी सभा आठवतात. हा बँड त्या विचाराचा आहे का? मुलाला ऐकू द्यावे का?
(एक माता, सांगली)

उत्तर : आपली शंका जर्मनीतही अनेकांनी बोलून दाखवली आहे, त्यामुळे तिचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

बँडमधील सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले आहेत. बर्लिनची भिंत पडली तेव्हा ते विशी-पंचविशीच्या आसपास होते. फ्लाके, लांडर्स आणि श्नायडर हे ‘फीलिंग बी’ या पूर्व जर्मन पंक बँडमध्ये होते. लिंडेमान तरुणपणी रोस्टोकला स्पर्धात्मक पोहण्याचे प्रशिक्षण घेत होता. १९९४ साली त्यांनी एकत्र येऊन जर्मन भाषेतच गायचे ठरवले, तेव्हा आंतरराष्ट्रीय यश हवे असलेले बहुतेक रॉक बँड इंग्रजीत गात होते. कडक उच्चार, घोळवलेला ‘र’, कवायतीसारखी लय, हे सगळे त्यांनी जाणूनबुजून निवडले, आणि त्यातून कोणती आठवण जागी होईल याची त्यांना कल्पना नव्हती असे मी म्हणणार नाही.

वादाला खरे निमित्त मिळाले ते याच मैफलीच्या वर्षी. १९९८ साली त्यांनी ‘डेपेश मोड’ या इंग्रज बँडचे ‘स्ट्रिप्ड’ हे गाणे नव्याने गायले आणि त्याच्या व्हिडिओत लेनी रीफेनश्टाल या नाझीकालीन दिग्दर्शिकेच्या ‘ओलिंपिया’ या चित्रपटातील दृश्ये वापरली. हा चित्रपट नाझी राजवटीत झालेल्या १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर आहे. त्यावर तीव्र टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्तच होती. ती दृश्ये सुंदर आहेत एवढे समर्थन पुरेसे नाही, कारण ती सुंदर दिसावीत यासाठीच ती राजवट खर्च करत होती. बँडने नाझी विचाराशी असलेला संबंध सातत्याने नाकारला, आणि २००१ च्या ‘मुटर’ या अल्बममधील ‘लिंक्स २-३-४’ या गाण्यात आपले हृदय डावीकडे आहे, म्हणजे आपण डाव्या विचाराचे आहोत, असे स्पष्ट सांगितले. गंमत अशी की हे गाणेही त्यांनी संचलनाच्याच ठेक्यावर बांधले.

या पार्श्वभूमीवर मैफलीची जागा मला महत्त्वाची वाटते. बर्लिनमध्ये खुल्या हवेतील दुसरा मोठा रंगमंच आहे तो पश्चिमेकडील वाल्डब्यूने, आणि तो १९३६ च्या त्याच ऑलिंपिकसाठी बांधला गेला होता. वूलहाइडेचा रंगमंच पूर्व बर्लिनमधील आहे. तो १९५१ साली जागतिक युवक महोत्सवाच्या निमित्ताने तेथील समाजवादी राजवटीने उभारला. म्हणजे ‘लाइव आउस बर्लिन’मध्ये जो घोष आपल्याला ऐकू येतो तो पूर्व जर्मनीत वाढलेल्या मुलांनी पूर्व बर्लिनमध्येच मिळवलेला आहे. महिन्याभराने हेच सहा जण ‘कॉर्न’, ‘लिंप बिझकिट’ या अमेरिकी बँडांबरोबर ‘फॅमिली व्हॅल्यूज’ दौऱ्यासाठी अमेरिकेला गेले. ज्या देशाचे नावच आठ वर्षांपूर्वी नकाशावरून गेले होते, त्या देशातील मुलांना आपल्या भाषेत इतक्या मोठ्या आवाजात साथ मिळणे, हा त्या गर्दीच्या आवाजातील मोठा अर्थ आहे. गर्दी एका सुरात ओरडते एवढ्यावरून तिचा विचार कळत नाही. ती काय ओरडते तेही पाहावे लागते, आणि ‘डू हास्ट’मध्ये ती लग्नाला नकार देत असते.

आता वयाविषयी. नाझी विचाराची भीती बाळगण्याचे कारण नाही, परंतु गाण्यांचे विषय सौम्य नाहीत. ‘श्पील मिट मिअर’मध्ये घरातील लैंगिक अत्याचार आहे, ‘बेश्ट्राफे मिश’मध्ये यातना आणि वासना यांची सांगड आहे. ‘ब्यूक डिश’ हे गाणे रंगमंचावर ज्या उघड लैंगिक प्रकारे सादर होत असे त्यामुळे मैफलीच्या चित्रफितीची एक आवृत्ती ते गाणे वगळून काढावी लागली. जून १९९९ मध्ये अमेरिकेतील वूस्टर शहरात याच सादरीकरणावरून लिंडेमान आणि फ्लाके यांना अटक झाली होती. सतरा वर्षांच्या मुलाला केवळ ध्वनिमुद्रण ऐकू देण्यास माझी हरकत नाही, मात्र त्याने शब्दांचे अर्थ समजून घेऊन ऐकावे. तो जर्मन जाणत नसेल तर आपण दोघांनी मिळून एकेका गाण्याचा अर्थ शोधावा. ‘आवाज बंद कर’ म्हणण्यापेक्षा ‘हा माणूस काय म्हणतो आहे?’ हा प्रश्न त्याला अधिक विचारात पाडील. संपूर्ण चित्रफीत मात्र अठरा वर्षांनंतर पाहावी.

प्रश्न : रामश्टाइन म्हणजे आग, असे सगळे म्हणतात. सीडीवर आग दिसत नाही. मग चित्रफीत सोडून केवळ ऐकण्यात अर्थ आहे का?
(एक वाचक, श्टुटगार्ट)

उत्तर : आपण जर्मनीत आहात, त्यामुळे या बँडच्या नावामागचा इतिहास आपल्या कानावर आला असेल, इतर वाचकांसाठी तो सांगतो. २८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतील रामश्टाइन येथील अमेरिकी हवाई तळावर कसरती करणारी इटालियन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. एक जळते विमान प्रेक्षकांत कोसळले आणि सत्तर माणसे मरण पावली. बँडने आपले नाव तेथून घेतले, त्यात एक ‘एम’ अधिक घातला, आणि त्याच नावाचे गाणेही केले. गाण्यात जळणारी माणसे आहेत आणि वर निर्विकार चमकणारा सूर्य आहे. वूलहाइडेच्या मैफलीत हे गाणे लिंडेमान अंगातील कोट पेटवून घेऊन गातो. दुर्घटनेला तेव्हा दहा वर्षे पूर्ण व्हायला आठवडाही उरला नव्हता.

चित्रफितीत हे पाहताना नजर पेटत्या कोटावरून हटत नाही, आणि गाणे कशाविषयी आहे हे विसरायला होते. सीडीवर आग नाही. संथ, जड गिटार आहे, एकेक शब्द दगडासारखा ठेवणारा आवाज आहे आणि मधूनच उठणारा गर्दीचा चीत्कार आहे. तो चीत्कार आगीचे कौतुक म्हणून उठलेला आहे हे आपल्याला ठाऊक असते, आणि गाणे मात्र आगीत सापडलेल्या प्रेक्षकांचे आहे. ही अस्वस्थता मला केवळ ऐकतानाच जाणवली. म्हणून हे एक गाणे तरी आधी ऐकावे आणि मग पाहावे.

बाकीच्या गाण्यांबाबत आपले म्हणणे मान्य आहे. ‘डू रीश्स्ट झो गूट’मध्ये लिंडेमानच्या हातातील ठिणग्या उडवणारे धनुष्य, ‘आशे त्सू आशे’च्या शेवटी पेट घेणारे माइकचे दांडे, ‘झेमान’ चालू असताना रबरी होडीत बसून प्रेक्षकांच्या हातांवरून तरंगत जाणारा फ्लाके, हे पाहण्याचेच प्रसंग आहेत. ही आग हौशी राहिलेली नाही. सुरुवातीच्या काळात बर्लिनमध्येच एका मैफलीत पेटता भाग कोसळल्यानंतर बँडने सुरक्षिततेकडे गांभीर्याने पाहिले आणि लिंडेमानने आतषबाजी हाताळण्याचा रीतसर परवाना मिळवला. आगीचा भडका गाण्यातील आघाताशी नेमका जुळवलेला असतो, त्यामुळे तीही एक प्रकारे तालवाद्यच ठरते.

प्रश्न : हा अल्बम आवडला. याच जातीचे आणखी कोणते लाइव्ह अल्बम ऐकावेत?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मिनिस्ट्रीचा १९९० चा अल्बम वर आलाच आहे. त्यानंतर ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकी बँडचा २००२ मध्ये आलेला ‘अँड ऑल दॅट कुड हॅव बीन’ घ्यावा. तो २००० सालच्या अमेरिकी दौऱ्यातील आहे, आणि त्यात आघातांइतकीच शांतताही वापरली आहे. त्याच्यासोबत निघालेली ‘स्टिल’ ही दुसरी तबकडी मिळाली तर सोडू नये. तिच्यात काही गाणी बहुतांशी पियानोवर उतरवलेली आहेत, आणि वाद्यांचा गजर काढून घेतल्यावरही चाल उभी राहते हे त्यातून कळते.

रामश्टाइनचाच पुढचा टप्पा ऐकायचा असेल तर २००६ चा ‘फ्योल्करबाल’ आहे. त्यातील मुख्य मैफल जुलै २००५ मध्ये फ्रान्समधील नीम येथील रोमन काळच्या दगडी रंगमंडलात झाली. तोवर बँडकडे चार स्टुडिओ-अल्बमांचे भांडार होते, वादन अधिक सफाईदार झाले होते आणि ध्वनिमुद्रण बर्लिनपेक्षा निश्चितच सरस आहे. तरीही प्रथम ऐकणाऱ्याला मी बर्लिनचाच अल्बम देईन. नीममध्ये लोक एका जगप्रसिद्ध बँडला ऐकायला आले होते. वूलहाइडेत गर्दीला गाण्यांतील शब्द आपल्या घरच्या भाषेतले होते, आणि ‘एंगल’ सुरू होताच ती ज्या तऱ्हेने गायकाच्या आधीच ओळ उचलते ते नंतरच्या ध्वनिमुद्रणांत मला सापडले नाही.